मातीआडचा साग : वऱ्हाडातील अबोल श्रीमंतीची घरे

अमरावती आणि अकोला या शहरांच्या नव्या वसाहतींत अलीकडच्या काळात जे खर्चिक बंगले उभे राहू लागले आहेत, त्यांपैकी बऱ्याच बंगल्यांची दर्शनी बाजू मुद्दाम मोकळी ठेवलेली असते. भिंतीवर नक्षी नसते, रंग मातकट किंवा सिमेंटचाच असतो, आत सामान मोजके असते आणि जो पैसा खर्च झालेला असतो तो फरशीच्या सांध्यात, दाराच्या लाकडात आणि खिडकीच्या मापात दडलेला असतो. वास्तुशास्त्रात या वळणाला ‘मिनिमलिझम’ म्हणतात, म्हणजे अलंकरण जवळजवळ शून्यावर आणून केवळ जागा, उजेड आणि साहित्य यांवर भिस्त ठेवणारी रचना. हे वळण मुंबई-पुण्याच्या वाटेने बाहेरून आले असे सर्रास समजले जाते आणि शैलीपुरते ते खरेही आहे. तथापि श्रीमंती घराच्या आत ठेवायची आणि रस्त्याला फक्त मातीची भिंत दाखवायची, ही रीत वऱ्हाडात शेकडो वर्षे चालत आलेली होती. त्या रीतीमागे अभिरुचीपेक्षा लूटमारीची भीती, जमिनीचा गुण आणि उन्हाळा यांचा वाटा मोठा होता, आणि ती टिकवण्यासाठी लागणारा खर्च व कष्ट आजच्या बंगल्याच्या तुलनेत पुष्कळच अधिक होते.

वऱ्हाडचा मधला पट्टा म्हणजे पूर्णा नदीचे खोरे होय. उत्तरेला सातपुड्याची गाविलगडची रांग व तिच्या कुशीतले मेळघाट, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर आणि त्यांच्यामध्ये खोल काळ्या मातीचे सपाट मैदान, अशी या प्रदेशाची ठेवण आहे. कापसाला मानवणारी ही काळी माती घराला मात्र मुळीच मानवत नाही, कारण पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून तिला हात-हात खोल भेगा पडतात आणि तिच्यावर उभारलेली भिंत काही वर्षांतच तडकते. म्हणून गाव वसवायचे ते पांढरीवर, हा जुना दंडक होता. पांढरी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांच्या वस्तीची राख, पडक्या भिंतींची माती आणि चुनखडी यांनी तयार झालेली, भोवतालच्या शेतांपेक्षा उंच अशी पांढुरकी टेकडी होय. शेतजमीन ती काळी आणि वस्ती ती पांढरी, ही जोडी महसुली दप्तरांतही रूढ होती. नदीकाठच्या सपाट भागात बांधकामाचा दगड दूरवरून आणावा लागे आणि वीटभट्टीला लागणारे सरपण महाग पडे. त्यामुळे गावचा देशमुख असो की सालदार (सालभराच्या करारावर राबणारा शेतगडी), दोघांच्याही भिंती एकाच पांढऱ्या मातीच्या असत. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही घरांतला फरक मुख्यतः आकाराचाच दिसे.

या नैसर्गिक कारणांत राजकीय कारणाची भर पडली. इमादशाहीची राजधानी असलेले अचलपूर, म्हणजे जुने एलिचपूर, आणि मोगली अमलात भरभराटलेले बाळापूर ही गावे सोडली, तर अठराव्या शतकातल्या वऱ्हाडात राजाश्रयाने उभारलेल्या भव्य निवासी इमारती फारशा आढळत नाहीत. त्या शतकात या मुलखावर हैदराबादचा निजाम आणि नागपूरकर भोसले अशा दोन सत्तांचा एकाच वेळी अंमल होता. त्याला दोअमली म्हणत. एकाच गावाकडून निजामाचा अंमलदार महसूल नेई आणि भोसल्यांचे कामाविसदार चौथाई, सरदेशमुखी व घासदाणा, म्हणजे फौजेच्या घोड्यांच्या वैरणीच्या नावाने बसवलेली पट्टी, वसूल करीत. १८०३ साली नोव्हेंबरअखेर अडगावची लढाई झाली, डिसेंबरात गाविलगड इंग्रजांच्या हाती पडला आणि देवगावच्या तहाने भोसल्यांचा बहुतेक वाटा संपून वऱ्हाड जवळजवळ एकट्या निजामाकडे गेले; परंतु त्याच सुमारास भयंकर दुष्काळ पडला आणि त्यामागोमाग पेंढाऱ्यांच्या टोळ्यांचा उपद्रव वाढला. अमरावतीच्या सावकार-व्यापाऱ्यांना संरक्षण मिळावे म्हणून निजाम सरकारने १८०७ च्या सुमारास शहराभोवती दगडी परकोटाचे काम हाती घेतले. अंबागेट, जवाहरगेट, नागपुरी गेट, खोलापुरी गेट ही नावे आजही त्या परकोटाची आठवण देतात. गावोगावच्या देशमुखांना आणि पाटलांना असा परकोट कोण बांधून देणार? त्यांनी आपापली गढी उभारली.

गढी म्हणजे पांढरीच्या सर्वांत उंच भागावर मातीच्याच जाड तटबंदीने आणि कोपऱ्यांवरच्या बुरुजांनी बंदिस्त केलेले वतनदाराचे निवासस्थान होय. तिच्या तटाला बाहेरून खिडकी जवळजवळ नसेच, असलीच तर ती डोक्याच्या वर आणि बंदुकीची नळी मावेल एवढी. दरवाजा एकच, सागाच्या जाड फळ्यांचा, लोखंडी खिळे ठोकलेला. त्यातही रोजच्या ये-जा करण्यासाठी वाकून शिरावे लागेल असा छोटा दिंडी दरवाजा ठेवलेला असे आणि रात्री आतून भिंतीत सरकणारा अडसर घातला जाई. लुटारूइतकीच भीती महसुलाच्या मक्तेदाराचीही होती. निजामाच्या राजवटीत परगणेच्या परगणे सावकारांना मक्त्याने दिले जात, आणि मक्तेदाराला वसुली वाढवायची असेल तर कुणाच्या घरी काय आहे याचा अंदाज तो डोळ्यांनीच घेणार हे उघड होते. अशा काळात रस्त्यावरून दिसेल असा कोरीव सज्जा काढणे म्हणजे पुढच्या वर्षीची पट्टी आपल्या हाताने वाढवून घेणे होय. वऱ्हाडी वतनदाराच्या घराचा अबोलपणा या हिशेबातून जन्मला, आणि पुढे भीती ओसरल्यावरही तो घरंदाजपणाचे लक्षण म्हणून शिल्लक राहिला.

भिंतीने लपवलेले वैभव प्रत्यक्षात कुठे होते, हे कळण्यासाठी वऱ्हाडी घराचे छत समजून घ्यावे लागते. या भागातले जुने घर धाब्याचे असे. धाबे म्हणजे मातीचे सपाट छत. त्याची रचना अशी : दोन्ही बाजूंच्या खांबांवर जाड तुळया, तुळयांवर थोड्याथोड्या अंतराने आडव्या कड्या, कड्यांवर लाकडी पाट किंवा तुराट्या-पऱ्हाट्यांचा, म्हणजे तुरीच्या व कपाशीच्या वाळल्या काड्यांचा, दाट थर, त्यावर पळसाची पाने, त्यावर कुटार (भुसा) मिसळून कुजवलेला चिखल, आणि सर्वांत वर चोपून बसवलेली खारी माती. पूर्णेच्या काठच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे ज्या पट्ट्यात जमीन व विहिरींचे पाणी क्षारयुक्त आहे त्या भागात, ही माती मुबलक मिळते. शेतकऱ्याच्या दृष्टीने ती अवगुणी, कारण पाऊस पडला की तिचे कण फुटून पसरतात, छिद्रे बुजतात आणि पाणी खाली मुरत नाही. धाब्याला नेमका हाच गुण हवा असतो. पहिल्या पावसाने वरचा पातळ थर चिकट होऊन स्वतःलाच लिंपून घेतो आणि पुढचे पाणी किंचित ढाळावरून पन्हाळीवाटे अंगणात पडते. पीक नाकारणारी माती छताला उपयोगी पडावी, ही गोष्ट वऱ्हाडी गवंड्यांनी पुस्तकाविना हेरली होती.

हे छत थंड असते. अकोल्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो तेव्हा दीड-दोन हात जाडीच्या भिंतीतून आणि फूटभर मातीतून दुपारचे ऊन आत पोहोचेपर्यंत रात्र होते, आणि त्या वेळी घरातली माणसे धाब्यावर खाटा टाकून निजलेली असतात. परंतु हे छत विलक्षण जडही असते. मातीचा थर फूटभर जाडीचा धरला, तर एका चौरस फुटावर सुमारे ४५ किलो भार पडतो. पाच फूट रुंद आणि दहा फूट लांब अशा एका खणाच्या डोक्यावर, माती कोरडी असतानाच, दोन टनांहून अधिक वजन कायम बसलेले असते, आणि पावसात भिजल्यावर ते आणखी वाढते. खण म्हणजे दोन तुळयांमधला गाळा. घराची मोजदाद याच एककाने होई. गरिबाच्या घराला हा भार बाभळीच्या किंवा कडुनिंबाच्या वेड्यावाकड्या लाकडांवर तोलावा लागे, म्हणून त्याचे खण अरुंद, खांब दाट आणि खोल्या कोंदट होत. ऐपतदार माणूस मात्र मेळघाटातून सरळ, लांब, पक्का साग आणू शके, आणि त्यामुळे त्याला खांब विरळ ठेवून मोठी मोकळी जागा मिळवता येई. या घरातली चैन ती हीच : बैठकीच्या मध्ये खांब न येणे.

म्हणून वऱ्हाडात घराची प्रतिष्ठा मान वर करून पाहिल्यावर कळे. आलेला पाहुणा ओसरीवर टेकला की तुळयांची जाडी, कड्यांमधले अंतर आणि त्यांवर तुराट्या आहेत की रंधलेले सागवानी पाट, हे तो नजरेने टिपून घेई. सोयरीक जुळवताना हे निरीक्षण उपयोगी पडत असणार यात शंका नाही. कड्या व फळ्यांच्या या छताला कडीपाट म्हणतात, आणि कडीपाटाची बैठक हे खात्यापित्या घराचे निर्विवाद लक्षण होते. साग आणणे सोपे नव्हते. सागाच्या खोडाभोवतीची साल व वरचे लाकूड कापून झाड उभ्यानेच वाळू द्यायचे, मग ते तोडून घाटाखाली आणायचे आणि बंडीने, म्हणजे बैलगाडीने, पूर्णेच्या चिखलवाटा सुकल्यावर मैदानात न्यायचे, असा हा मोसमी उद्योग होता. मेळघाटच्या पायथ्याचे परतवाडा हे गाव सागवानाची पेठ म्हणून आजही ओळखले जाते. खांबाच्या बुडाशी वाळवी आणि ओल लागू नये म्हणून त्याला दगडी उथळ्यावर उभे केले जाई. खांबाचा माथा आणि तुळई यांच्यामध्ये कोरलेला लाकडी हस्त येई, आणि नक्षीला संपूर्ण घरात जी काही जागा होती ती बहुधा या हस्तावर आणि देवघराच्या चौकटीवरच्या गणेशपट्टीवर. उरलेला साग साधा, चौकोनी, तेलपाण्याने काळपट पडलेला असे.

घराच्या आतली मांडणीही अशीच मोजकी होती. दरवाजातून आत शिरले की ढेलज लागे. ढेलज म्हणजे दोन्ही बाजूंना ओटे असलेली प्रवेशाची देवडी. तिथे राखणदार बसे आणि परक्या माणसाची वाट बहुधा तिथेच संपे. ढेलजेपुढे चौक, चौकाभोवती ओसऱ्या, एका अंगाला पुरुषांची बैठक आणि मागे माजघर, स्वयंपाकघर, न्हाणी व परसातली विहीर. बैठकीत गादी, लोड, एखादा दिवाण आणि पितळी कड्यांची बंगई, म्हणजे झोपाळा, एवढेच सामान. कपाटे नसत, कारण जाड भिंतीतच कोनाडे, देवळ्या आणि झडपांची फडताळे कोरलेली असत. धान्य ठेवण्यासाठी दोन भिंतींमध्ये पोकळी सोडलेली असे. ती बळद होय. वरून ओतलेले धान्य खालच्या छोट्या तोंडातून काढता येई आणि नवख्या माणसाला ती भिंतच वाटे. अंगणात किंवा ढेलजेखाली जमिनीत धान्याचे पेव खणलेले असे. तेराव्या शतकात अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरात म्हाइंभटांनी सिद्ध केलेल्या ‘लीळाचरित्रा’तही ओटे, पटिशाळा (ओसऱ्या) आणि आंगण यांच्याभोवतीच माणसांची उठबस चालते; ओटा, ओसरी, चौक ही घराची हाडे किती जुनी आहेत हे त्यावरून ध्यानात येते.

दडवलेल्या श्रीमंतीची सर्वांत बोलकी आख्यायिका कारंजा लाड येथे ऐकायला मिळते. १९९८ साली वाशीम जिल्हा वेगळा होईपर्यंत अकोला जिल्ह्यात मोडणारे हे गाव जैन व्यापाऱ्यांची जुनी पेठ होते आणि त्यालाही परकोट व वेशी होत्या. तिथल्या कस्तुरीच्या हवेलीविषयी असे सांगतात की उंटांवर लादून आणलेली कस्तुरी एका व्यापाऱ्याला विकायची होती, परंतु एवढा माल घेणारे गिऱ्हाईक त्याला कुठे मिळेना. तेव्हा कारंजाच्या शेठजींनी ती सगळी विकत घेऊन आपल्या हवेलीच्या बांधकामाच्या गाऱ्यात कालवून टाकली. कथेचा खरेखोटेपणा ठरवण्याचे साधन नाही आणि तशी गरजही नाही. महत्त्वाचे हे की वऱ्हाडी कल्पनाशक्तीला श्रीमंतीचा कळस दाखवायचा होता तेव्हा तिने सोन्याचा कळस उभारला नाही, डोळ्यांना न दिसणारा वास भिंतीत पुरला. याच कारंजात काष्ठासंघाच्या जैन मंदिरात लाकडावरचे बारीक कोरीवकाम पाहायला मिळते. कसबी सुतार गावात होते आणि त्यांना पैसा देणारेही होते. उघड्यावर मिरवायची कला देवाच्या दारी आणि घराला साधेपणा, अशी ही वाटणी होती.

या साधेपणाचे गोडवे गाताना एक बाब हिशेबात धरली पाहिजे, ती अशी की मातीचे घर फुकट टिकत नाही. मृग लागण्यापूर्वी दरवर्षी धाब्यावर नवी माती टाकून ती चोपावी लागे, पन्हाळी साफ कराव्या लागत, भिंतींना पोतारा, म्हणजे पांढऱ्या मातीचा हात, द्यावा लागे आणि जमिनी आठवड्यातून एक-दोनदा शेणाने सारवाव्या लागत. आषाढात चार दिवसांची झड लागली की रात्री-बेरात्री कुणीतरी धाब्यावर चढून टिपका कुठून येतो ते पायाने चाचपून पाही आणि तिथे मातीची पाटी रिकामी करी. बायकांच्या आणि सालदारांच्या अंगमेहनतीवर हे घर नितळ दिसे. शिवाय माजघराच्या अंधाराला उष्णतेखेरीज दुसरेही कारण होते. देशमुख घराण्यांत स्त्रियांना गोषा असे, आणि रस्त्याकडे खिडकी नसण्याचा अर्थ त्या घरातल्या सुनेला वर्षानुवर्षे रस्ता न दिसणे असाही होता. आजच्या छायाचित्रांत मोहक भासणारी कोरी भिंत आतून कशी वाटत असेल, हा प्रश्न वाड्यांच्या कौतुकात सहसा विचारला जात नाही.

१८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आले आणि भीतीचे मूळ कारणच संपले. पुढच्या दशकात पैमाशी होऊन मुंबईच्या धर्तीवर रयतवारी पद्धती लागू झाली, म्हणजे सरकारने शेतकऱ्याशी थेट सारा ठरवला. सारा आता जमिनीच्या प्रतवारीवर बसू लागला, घराच्या दर्शनावर नव्हे. त्यातच अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झाले, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला अभूतपूर्व भाव आला. १८६७ पर्यंत भुसावळहून अकोला व बडनेरामार्गे नागपूरपर्यंत लोहमार्ग पोहोचला, आणि १८७० साली जलंब ते खामगाव हा खास कापसासाठी टाकलेला फाटा व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते सुरू झाला. ‘वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण जणू शब्दशः खरी ठरावी असा तो काळ होता. बैलगाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्याच्या कथा त्या काळाविषयी सांगितल्या जातात. अर्थात त्या पैशाने गावातल्या घराचा चेहरा फारसा बदलला नाही. पैसा दागिन्यांत, लग्नांत, बैलजोड्यांत आणि नव्या शेतजमिनीत गेला. घरात तो गेला तो दोन खण वाढवण्यात आणि तुराट्यांच्या जागी पाट बसवण्यात.

शहरांत चित्र वेगळे झाले. अमरावतीच्या सराफ्यात आणि बुधवाऱ्यात, अकोल्याला मोर्णा नदीपलीकडच्या ताजनापेठेत मारवाडी व गुजराती व्यापाऱ्यांच्या पेढ्या आल्या, आणि या मंडळींनी सोबत आपल्या मुलखाच्या घरांची ठेवणही आणली : तळमजल्यावर पेढी, वर रस्त्यावर झुकलेला लाकडी सज्जा, नक्षीच्या कमानी, रंगीत काचा. पत हाच ज्याचा धंदा, त्याला समृद्धी दाखवावीच लागते. हुंडी घेऊन आलेल्या माणसाला पेढी भक्कम वाटली पाहिजे. उलट देशमुखाची पत जमिनीवर आणि नावावर उभी होती, तिला सज्ज्याची गरज नव्हती. अकोल्यात तर हा फरक नदीनेच आखून दिला : एका काठावर असदगडाच्या आसऱ्याने वसलेले जुने शहर, दुसऱ्या काठावर नवी पेठ. तिसरा नमुना होता इंग्रजी बंगल्याचा. इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेचा तळ पडला म्हणून कॅम्प हे नाव मिळालेल्या अमरावतीच्या भागात पुढे अधिकाऱ्यांचे चारही बाजूंनी व्हरांडा असलेले, कवेलूंच्या (कौलांच्या) उतरत्या छपराचे बंगले उभे राहिले. दादासाहेब खापर्डे, रंगनाथ नरसिंह मुधोळकर आदी वकिलांच्या पिढीने, ज्या पिढीने १८९७ चे काँग्रेस अधिवेशन अमरावतीत भरवले, या नव्या शहरी राहणीला प्रतिष्ठा दिली. खुर्ची, टेबल आणि पुस्तकांची कपाटे वऱ्हाडी बैठकीत शिरली ती याच काळात.

श्रीमंतीने बाहेर गप्प राहावे ही कल्पना एकट्या वऱ्हाडची नाही. जपानमध्ये तोकुगावा राजवटीत व्यापाऱ्यांच्या राहणीवर सरकारी निर्बंध होते, तेव्हा क्योतोच्या सधन व्यापाऱ्यांनी दर्शनी बाजू निमूट ठेवून उंची लाकूड आणि कसबी कारागिरी आतल्या दालनांत वापरली. व्हिएन्नाचे वास्तुविशारद आडोल्फ लोस यांनी १९१० च्या सुमारास अलंकरणाविरुद्ध जी व्याख्याने दिली व जे लेख लिहिले, त्यांत घराने रस्त्याला काही सांगू नये आणि आपले धन आत ठेवावे असा आग्रह धरला. १९३० साली प्राग येथे पूर्ण झालेले त्यांचे म्युलर यांचे निवासस्थान बाहेरून पांढऱ्या पेटीसारखे कोरे आणि आत संगमरवर व महोगनी लाकडाने सजलेले आहे. लोस यांचा विरोध तत्त्वाचा होता आणि क्योतोच्या व्यापाऱ्याचा साधेपणा कायद्याचा. वऱ्हाडी वतनदार या दोहोंपैकी क्योतोच्या व्यापाऱ्याला जवळचा. तत्त्वज्ञान त्याच्या घरावर नंतरच्या लोकांनी चढवले.

तत्त्वासाठी साधे राहणे काय असते, ते वऱ्हाडच्या वेशीवरच, वर्धा नदीपलीकडे दिसले. १९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगाव या खेड्यात राहायला गेले. १९४० मध्ये त्या गावाला सेवाग्राम हे नाव मिळाले. तिथली बापू कुटी माती, बांबू, लाकूड आणि कवेलू अशा आसपास मिळणाऱ्या साहित्याची आहे, आणि तिच्या भिंतीवर मीराबेन यांनी मातीतच उठवलेली ताडाच्या झाडांसारखी चित्रे एवढीच काय ती सजावट. वाड्याची भिंत आणि कुटीची भिंत एकाच मातीची, पण वाड्याच्या भिंतीआड बळद भरलेले असे आणि कुटीच्या भिंतीआड काहीच नव्हते. आजच्या चर्चेत या दोन्हींना ‘साधेपणा’ या एकाच नावाने संबोधले जाते, आणि तिथेच गफलत होते. वाडा साधा दिसत होता, तो साधा नव्हता.

वाड्यांची पडझड स्वातंत्र्यानंतर वेगाने सुरू झाली. वतने खालसा झाली, १९६१ च्या कमाल जमीन धारणा कायद्याने मोठी शेते आक्रसली, भावाभावांत वाटण्या होऊन एका चौकात चार चुली पेटल्या आणि धाब्यावर माती टाकणारे हात मजुरीसाठी दुसरीकडे गेले. मेळघाटचे जंगल इंग्रजी अमलातच राखीव झाले होते, त्यामुळे मोडलेली तुळई बदलायची म्हटले तरी साग परवडेना. गळक्या धाब्यावर आधी टिनपत्रे आले, मग भिंती पाडून स्लॅब आला. स्लॅबचे घर हे गावात प्रगतीचे लक्षण ठरले आणि त्यात चूक काही नाही; ज्याला दर मृगाला माती वाहावी लागते त्यालाच सिमेंटची किंमत कळते. उन्हाळ्यात तापलेल्या स्लॅबखाली कूलर लावून बसावे लागते, ही त्या सुटकेची किंमत. गढ्यांची तर माती सुद्धा शिल्लक राहिली नाही; राखेने पोसलेली ती पांढरी माती खत म्हणून शेतात आणि नव्या धाब्यांवर गेली, आणि अनेक गावांत गढीच्या जागी आज फक्त एखादा झिजलेला बुरूज उभा दिसतो.

साग मात्र वाया गेला नाही. मोडलेल्या वाड्यांचे खांब, तुळया, चौकटी विकत घेणारे व्यापारी पुढे आले आणि जुना, पिकलेला साग नव्या सागापेक्षा महाग विकला जाऊ लागला. आज कोऱ्या काँक्रीटच्या भिंतीसमोर उथळ्यासकट उभा केलेला एखादा काळपट खांब ज्या बंगल्यात दिसतो, त्या बंगल्यात तो बहुधा काहीही तोलत नसतो. दोन टन मातीखाली शंभर वर्षे उभा राहिलेला खांब दिवाणखान्यात नुसता ठेवणे ही चैन खरीच आहे, पण ती संग्राहकाची चैन आहे, राहणाऱ्याची नव्हे. वऱ्हाडी घराकडून शिकण्यासारखे जे होते, म्हणजे जाड भिंत, पश्चिमेला आखडलेले तोंड, चौकातून मिळणारा सावलीचा उजेड आणि स्थानिक मातीचा गुण, ते या बंगल्यांत क्वचितच येते. आणि जिथे येते तिथे वातानुकूलन यंत्राला काम कमी पडते, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

उरलेल्या वाड्यांपैकी बहुतेक खाजगी मालकीचे आहेत. त्यांची देखभाल मालकांना झेपत नाही आणि ते विकण्याचा त्यांचा हक्क कुणी नाकारू शकत नाही. तथापि तुळया उतरवण्यापूर्वी त्या घराचे मोजमाप घेऊन नकाशा काढणे, खण मोजणे, धाब्याचे थर वरून खाली क्रमाने नोंदवणे, बळदाची तोंडे कुठे होती ते टिपणे आणि घरातल्या जुन्या जाणत्या बायकांकडून पोतारा, सारवण व मातीच्या जागा विचारून घेणे, एवढे काम दोन दिवसांत होते. त्यासाठी निधी लागत नाही, टेप, वही आणि कॅमेरा पुरतो. अमरावती आणि अकोल्यातल्या वास्तुशास्त्र व इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी ते सुट्टीत आपापल्या गावापासून सुरू करावे, आणि वाडा विकणाऱ्या मालकांनी व्यापाऱ्याला बोलावण्याआधी त्यांना बोलवावे.